रियाधची मेट्रो: सावली स्थानकाच्या दारापाशीच संपते का?

नजदनिवासी (चर्चाप्रस्ताव):
सौदी अरेबियातील रियाधच्या किंग अब्दुल्ला वित्तीय परिसरातील मेट्रो स्थानकाचे वास्तुकलेच्या वर्तुळात पुष्कळ कौतुक झाले आहे आणि ते योग्यच आहे. झाहा हदीद यांच्या संस्थेने आखलेल्या या स्थानकात तीन मार्गिका एकत्र येतात, बाहेरची लाटांसारखी सच्छिद्र भिंत उन्हाचा थेट मारा अडवते आणि फलाटावरची सरकती दारे गाडी आल्यावरच उघडत असल्याने गारवा आत टिकतो. नोकरीनिमित्त येथे राहणारा मराठी माणूस म्हणून मला ही मेट्रो मनापासून हवी आहे. तरीही वाळवंटी शहरातील स्थानक किती पर्यावरणपूरक आहे, हे स्थानकाच्या दारापासून घराच्या किंवा कचेरीच्या दारापर्यंतच्या वाटेवर ठरते, असे माझे ठाम मत आहे. येथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ या वेळेत कामगारांकडून थेट उन्हात काम करून घेण्यास बंदी असते. ज्या उन्हात मजुराने उभे राहू नये असे सरकारच म्हणते, त्याच उन्हात प्रवाशाने आठपदरी रस्त्याच्या कडेने झाडाच्या आडोशाविना चालत जावे अशी आपण अपेक्षा ठेवली, तर ज्याच्या दारात मोटार उभी आहे तो मोटारच बाहेर काढणार.

रेखांश:
मी असहमत आहे. रियाध हे गेल्या अर्धशतकात मोटारीच्या मापाने वाढलेले शहर आहे, येथे पेट्रोल स्वस्त आहे आणि मध्यमवर्गाला सार्वजनिक वाहनाची सवयच नव्हती. अशा लोकांना मोटारीतून उतरवायचे, तर स्थानक देखणे आणि थंड असलेच पाहिजे. पत्र्याची शेड उभारून ते झाले नसते. १ डिसेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या या जाळ्यात ६ मार्गिका, ८५ स्थानके आणि सुमारे १७६ किलोमीटर लांबी आहे, आणि ४ रियालच्या तिकिटात २ तास मेट्रो व बस दोन्हींनी फिरता येते. शिवाय सावली दारापाशी संपते हेही सर्वत्र खरे नाही. जुन्या शहरातील कसर अल-हुक्म स्थानकावर स्नोहेट्टा या संस्थेने उभारलेले चकचकीत पोलादाचे विशाल छत्र खालच्या चौकाला सावली देते आणि दिवसाचा उजेड परावर्तित करून जमिनीखाली पोहोचवते.

नजदनिवासी:
कसर अल-हुक्मचे उदाहरण मी आनंदाने मान्य करतो. मात्र तो जुन्या बाजारपेठेचा, पूर्वीपासून पायी फिरण्याचा भाग आहे. चौक ओलांडल्यानंतर काय, हा माझा प्रश्न उरतोच. आणि नव्या उत्तर रियाधमध्ये तर तो अधिकच तीव्र होतो.

मातीकाम:
आपण दोघेही बांधकामाचा हिशेब सोडून देत आहात. सिमेंट आणि पोलाद तयार करताना जो कार्बन हवेत गेला, तो पहिला प्रवासी चढण्यापूर्वीच गेला. त्याची भरपाई गाड्या वर्षानुवर्षे भरून धावल्या तरच होईल. भिंतीला किती छिद्रे आहेत यावरून नव्हे. याच शहराच्या कडेला दिरिया या ऐतिहासिक वस्तीचा अत-तुरैफ भाग आहे, जो २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथील जाड मातीच्या भिंती, हवेसाठी ठेवलेले त्रिकोणी झरोके आणि एकमेकींवर सावली धरणाऱ्या अरुंद गल्ल्या पाहिल्या, म्हणजे नजदच्या, म्हणजे रियाधभोवतीच्या मध्य अरबस्तानातील, लोकांनी उन्हावरचा उपाय एकेका घरापुरता न करता साऱ्या वस्तीसाठी शोधला होता, हे लक्षात येते. मेट्रो मातीची बांधा असे मी म्हणत नाही. पण तिच्याभोवती पुन्हा रुंद, उघडे रस्तेच ठेवणार असू, तर आपण त्या वास्तुपरंपरेतून केवळ नक्षी उचलली असे होईल.

सहप्रवासिनी:
नजदनिवासी, आपला मुद्दा पटतो, पण त्यातून मेट्रोचे मोल कमी ठरते आहे आणि त्याला माझा विरोध आहे. येथे स्त्रियांना वाहन चालवण्याची मुभा जून २०१८ मध्ये मिळाली. तरीही प्रत्येकीकडे परवाना आणि स्वतंत्र मोटार असते असे नाही. पतीच्या सवडीवर किंवा टॅक्सीच्या भाड्यावर अवलंबून असलेल्या बाईला कुटुंबांसाठीच्या राखीव डब्यातून एकटीने दवाखान्यात जाता येते, ही गोष्ट सावलीची वाट पाहत थांबवण्यासारखी नाही. बतहा भागात सुटीच्या दिवशी जमणाऱ्या आपल्या भारतीय कामगारांबाबतही मी हेच म्हणेन. त्यांच्याकडे मोटार कधीच नव्हती.

रेखांश:
आणि अंतरांचे काय? दोन-दोन किलोमीटरच्या पदपथांवर छत घालणे व्यवहार्य नाही. स्थानकापर्यंत ने-आण करणाऱ्या जोडबस वाढवणे हाच खरा उपाय आहे.

नजदनिवासी:
सहप्रवासिनी, मेट्रो थांबवावी असे मी सुचवलेले नाही. ज्यांना पर्याय नाही त्यांनीच उन्हाचा सर्वाधिक भार सोसावा, हे मला मान्य नाही. रेखांश, जोडबस हवीच, पण बसची वाटही उघड्यावरच पाहावी लागते. ‘हरित रियाध’ योजनेत ७५ लाख झाडे लावण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यांना प्रक्रिया केलेले सांडपाणी देण्याची तरतूद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या शहरात पिण्याचे बरेचसे पाणी आखाताच्या किनाऱ्यावर गोडे करून शेकडो किलोमीटर अंतरावरून वर चढवावे लागते. म्हणून झाडासाठी वापरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब कोठे जातो, याला महत्त्व आहे. माझी मागणी एवढीच आहे की द्रुतगती मार्गांच्या दुभाजकांआधी स्थानकापासून पहिल्या ५०० मीटरच्या पदपथांवर आणि जोडबसच्या थांब्यांवर ती झाडे लावावीत, आणि ती वाढेपर्यंत तेथे कापडी छत ताणावे.