वेगळा न केलेला कचरा उचलूच नये का?

कात्रजचा_घाट:
आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण होता होता राहिलं. ठराव असा: ज्या घराचा ओला-सुका वेगळा नसेल, त्याची बादली 'स्वच्छ'च्या (पुण्यात दारोदार कचरा उचलणाऱ्या संस्थेच्या) ताईंनी उचलायची नाही. मी ठरावाच्या बाजूने. 2016च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करायची जबाबदारी आपल्यावर टाकली. आमटीत भिजलेला पुठ्ठा भंगारवाला हातात धरत नाही, मग त्याचं रीसायकलिंग कुठून होणार? मतं येऊ द्या.

पेठेकर:
विरोध! मिळकतकर मी भरतो, वर दरमहा घरटी शुल्क मीच देतो, आणि आता वर्गीकरणही मीच करायचं? बरं, केलं. खाली गाडीत दोन्ही बादल्या एकावर एक उलट्या होतात, हे गॅलरीत उभं राहून पाहिलंय. आधी गाड्या सुधारा, मग आमच्या ओट्याशी या.

ओली_सुकी:
पेठेकर, गाडीचं म्हणणं खोटं नाही. पण पुण्यात विकण्याजोगा बराचसा माल गाडीत पडायच्या आधीच बाजूला निघतो. 1993 साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. दारावर येणाऱ्या ताई तिच्या सभासद आहेत, आणि बाटली, पुठ्ठा, दुधाची पिशवी विकून येणारा पैसा त्यांचा. त्यांना तुमच्या बादलीचं सोयरसुतक आहे. खरकट्यात डायपर कोंबलेलं असलं तरी हात त्यांनाच घालावा लागतो. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच तर त्या कधीपासून सांगतायत.

फुरसुंगीचा:
पेठेतल्या गॅलरीतून गाडीपर्यंतच दिसतं. पुढे ती कुठे जायची ते आम्हाला विचारा. कोथरूडचा कचरा डेपो हलला आणि शहराचा कचरा उरुळी-फुरसुंगी या आमच्या गावांच्या माथी आला. विहिरी नासल्या, प्यायला टँकर. ढिगात हवा जात नाही, आतला ओला कचरा कुजून मिथेन होतो, तो पेट घेतो. वरून पाऊस पडला की काळं पाणी जमिनीत मुरतं. 2017च्या आगीनंतर गावानं गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे तुमच्या कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग दिसायला लागले आणि पेपरात बातम्या आल्या. माझं म्हणणं सरळ आहे: बाटल्यांचं कौतुक नंतर करा, आधी भाजीची देठं तुमच्या आवारातच जिरवा. दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना तर तो नियमच आहे. पाळतात किती?

भाजीपोळी:
मीही ठरावाच्या विरोधात, कारण वेगळं. घरात वर्गीकरण करतं कोण? बायको, नाहीतर कामाच्या मावशी. ठराव मांडणाऱ्या पुरुषांपैकी किती जण रात्री ओटा आवरतात? दुसरं, चिप्सची पाकिटं. प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना असे चिकटवलेले की भंगारात त्याला भाव नाही. धुऊन, वाळवून, वेगळी पिशवी केली तरी शेवटी ती जाळायलाच. 2018च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत पिशवीसाठी भाजीवाला दंड भरतो, कारखान्यातून भरून येणाऱ्या वेष्टनाला मात्र सूट. पाकीट ज्यांनी बनवलं त्यांनी परत न्यावं ना!

कात्रजचा_घाट:
पाकिटांचं एकदम मान्य, कंपन्यांना सोडू नयेच. पण उरलेला भात काही कंपनी परत नेणार नाही. घरातला निम्म्याहून जास्त कचरा तोच असतो. ओटा आवरण्याबद्दलचा टोमणा पोचला. मीटिंगमध्ये वाचून दाखवतो, बघू कोण मान खाली घालतं.

पेठेकर:
काठी उगारण्यापेक्षा पैसे सोडा, लोक आपोआप करतील.

ओली_सुकी:
सूट आहे की! गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं, यातलं काही चालू असेल तर पुण्यात मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत मिळते. बऱ्याच ठिकाणी बिल्डरने खतखड्डा बांधून दिलाय आणि त्यात जुन्या सायकली पडल्यात, ती गोष्ट निराळी.

पेठेकर:
दोन खोल्यांत खड्डा कुठे खणू, दिवाणाखाली?

फुरसुंगीचा:
आमच्या गावात खणला होता, तेव्हा जागा कुणी विचारली नव्हती.

नवा_भाडेकरू:
वाद चालू द्या, माझं अडलंय. गॅलरीत खताचा ड्रम ठेवलाय, त्यात पांढऱ्या अळ्या झाल्यात. घरमालकीणबाई ओरडतायत.

ओली_सुकी:
ओल जास्त झालीय. सुका पाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर घाला, रोज हलवा, ताक-आमटी ओतणं बंद करा. ड्रमला खाली भोकं आहेत ना? अळ्या खतच करतात, त्यांना मारू नका.

पेठेकर:
म्हणजे शुल्क भरायचं, वर्गीकरण करायचं आणि वर अळ्याही पाळायच्या. छान!