मदत हवी आहे: पर्शियन मांजरीच्या काखेतली केसांची गुठळी कशी काढायची?

नमस्कार मंडळी,
आमची मांजर पाठ आणि शेपूट अगदी डोळे मिटून विंचरून घेते. कंगवा पोटाकडे किंवा काखेकडे वळला की मात्र पंजा आलाच! आणि गुठळ्या नेमक्या तिथेच. कानामागच्या कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी हळूहळू सुटल्या, पण काखेतली पार कातडीला चिकटून बसली आहे. कात्री लावणार नाही हे नक्की. मांजराची कातडी पातळ, गुठळीबरोबर ओढली जाते आणि पटकन कापते. आंघोळही आधी नको, भिजल्यावर गुठळ्या आणखी आवळतात.

तर, घरी ट्रिमर वापरलाय का कुणी? त्याच्या आवाजाची सवय कशी लावलीत? एकट्याने जमतं, की धरायला दुसरं माणूस हवंच? शिवाय पोटासाठी स्लिकर ब्रश बरा की रुंद दातांचा धातूचा कंगवा? (मला तरी स्लिकरच्या तारा तिथे टोचत असाव्यात असं वाटतं.)

गुठळीखाली कातडी लाल दिसली तर डॉक्टरांकडे नेणारच आहे. सगळे केस भादरून टाका, हा सल्ला मात्र इतक्यात नको!