एलएम ३८८६ साठी ट्रान्सफॉर्मर: १८-०-१८ की २४-०-२४?

नाट्यगीत_फोंडा
नमस्कार मंडळी. घरच्यासाठी एलएम ३८८६ या अ‍ॅम्प्लिफायर चिपवर स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बांधतोय. दोन्ही बोर्ड तयार आहेत, हीटसिंकही चांगला जाड मिळालाय. अडलंय ते ट्रान्सफॉर्मरवर. स्पीकर बुकशेल्फ, ८ ओमचे, सेन्सिटिव्हिटी ८८ डीबी (एका वॅटला एका मीटरवर). खोली बारा बाय चौदाची, चिऱ्याच्या भिंती. ऐकणं म्हणजे मुख्यतः नाट्यसंगीत आणि अभिषेकीबुवा, तेही रात्री जेवणं उरकल्यावर.

मडगावच्या एका दुकानात २४-०-२४ (मधल्या टोकापासून दोन्हीकडे २४ व्होल्ट), ५ अँपिअरचा ईआय कोअरचा, म्हणजे ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा, तयार ट्रान्सफॉर्मर आहे. दुकानदार म्हणतो, हाच न्या, पॉवर भरपूर मिळेल. माझ्या मनात १८-०-१८ चा टोरॉइड, म्हणजे गोल कड्याच्या आकाराचा, आहे, पण तो मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागेल. शिवाय आमच्याकडे रात्री अकरानंतर मीटरवर २४८ व्होल्ट दिसतात आणि संध्याकाळी २१५ च्या आसपास. त्याने काही फरक पडतो का? मागे तानपुरा चालू असताना घुंऽ असा आवाज येऊ लागला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल.

डिचोलीकर
२४-०-२४ डोळे झाकून घ्या. माझ्याकडे तोच आहे, ८ ओमवर ५० वॅट आरामात निघतात. चवथीत घुमट आरतीचं रेकॉर्डिंग लावलं की थाप छातीवर येते. १८ मध्ये तो दम नाही. फक्त कॅपॅसिटर ५० व्होल्टचे घाला, ३५ चे नकोत.

म्हापशेकर_वाइंडर
मी वाइंडिंगच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या २४८ व्होल्टचं बघू. ट्रान्सफॉर्मरवर २४ लिहिलेले असतात ते २३० इनपुटवर, पूर्ण लोड असताना. इनपुट २४८ झाला की सेकंडरी, म्हणजे आउटपुटची बाजू, २६ च्या जवळ जाते. तुम्ही रात्री हळू आवाजात ऐकणार, म्हणजे लोड जवळपास नाहीच. तेव्हा ईआय आणखी दहा टक्के तरी चढतो. झाले साडेअठ्ठावीस. १.४१ ने गुणा, डायोडचा एक व्होल्ट काढा, रेल (चिपला मिळणारा प्लस किंवा मायनस डीसी) ३९ च्या वर. ३८८६ ला सिग्नल असताना दोन्ही रेल मिळून ८४ ची मर्यादा आहे, म्हणजे एका बाजूला ४२. चिप लगेच जळणार नाही, पण हाताशी जेमतेम तीन व्होल्ट उरतात आणि हीटसिंक विनाकारण तापत राहतो. उद्या कोणी ४ ओमचे स्पीकर जोडले तर चिपचं आतलं संरक्षण गाणं मध्येच तोडायला लागेल. हाच हिशेब १८-०-१८ ला लावा: रात्री ३० च्या आत, लोडवर साधारण २४. संध्याकाळच्या २१५ ची काळजीच नको, त्याहून कितीतरी खालीही ही चिप चालते.

डिचोलीकरभाऊ म्हणतात ते ५० वॅट खरे आहेत. १८ वर ८ ओमला पंचवीसएक मिळतील. पण वॅट निम्मे झाले तरी आवाज तीनच डीबीने उतरतो. ८८ डीबीच्या स्पीकरला २५ वॅट दिले तर एका मीटरवर १०२ डीबी होतात. चिऱ्याच्या भिंतींच्या खोलीत, रात्री, एवढा आवाज कोण लावतो?

घुमटाच्या थापेला जो दम लागतो तो करंटमधून येतो. दोन्ही चॅनेल पूर्ण चालले तर प्रत्येक रेलवर सरासरी १.६ अँपिअर डीसी लागतो. कॅपॅसिटर मात्र झटक्याझटक्याने भरतात, म्हणून सेकंडरीच्या तारेतून त्याच्या पावणेदोन पट धरा, २.७ ते २.८ अँपिअर. त्यामुळे १६० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मर घ्या आणि प्रत्येक रेलला १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर.

आता ज्याकडे कोणीच बघत नाही ते. 'पाच अँपिअर' हे लेबलवर काहीही छापता येतं, तार बघा. टोकाचं इनॅमल ब्लेडने खरवडा: तांबूस दिसलं तर तांबं, पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. बाहेर आलेल्या रंगीत फ्लेक्सिबल वायरवर जाऊ नका, ती तांब्याचीच असते. तिचा जोड जिथे आहे त्याच्या आतली तार खरवडायची. अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे थाप पडली की रेल खचते. तीन-साडेतीन अँपिअरला तांब्याची १८ गेज तार हवी, सव्वा मिलिमीटरची.

आणि वॉर्निश! आपल्या हवेत हे सोडून चालतच नाही. नीट काम करणारा माणूस ट्रान्सफॉर्मर आधी गरम करून ओल घालवतो, वॉर्निशमध्ये बुडवतो, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तसाच ठेवतो, मग निथळून भट्टीत सुकवतो. नुसता ब्रश फिरवलेला असला की एका पावसाळ्यात कोअरच्या पत्र्यांना गंज चढतो, त्या सैल होतात आणि ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणायला लागतो. तो आवाज कसल्याही फिल्टरने जात नाही. ईआय घेणार असाल तर बॉबिन आणि पत्र्यांच्या फटीत सुकलेला वॉर्निश दिसतो का ते टॉर्च लावून बघा.

मी स्वतः ईआय भरून देतो, तरी तुमच्या ऐकण्यासाठी टोरॉइडच सांगेन. त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी सांडतं.

साखळीची_स्वरा
म्हापशेकरकाकांशी सहमत. हमबद्दल, म्हणजे त्या घुंऽ आवाजाबद्दल, माझं थोडं: सेकंडरीच्या तारा एकमेकींना पीळ घालून ब्रिजपर्यंत (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडपर्यंत) न्या. ग्राउंडचा मुख्य बिंदू दोन मोठ्या कॅपॅसिटरच्या मध्ये ठेवा आणि तिथून स्पीकर, बोर्ड, इनपुट यांना वेगवेगळ्या तारा काढा. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचं बटण) ट्रान्सफॉर्मरपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा. घरातलं अर्थिंगही एकदा तपासून घ्या, लोखंडी पेटीला अर्थ हवाच.

नाट्यगीत_फोंडा
मनापासून आभार. १८-०-१८, १६० व्हीए टोरॉइड नक्की केला. टोरॉइडच्या मधला बोल्ट पेटीच्या तळातून घालून वरच्या झाकणालाही कसला तर चालेल का? आणि फ्यूज कितीचा?

म्हापशेकर_वाइंडर
झाकणाला अजिबात नको! बोल्ट, तळ, बाजू आणि झाकण मिळून एक बंद वेढा तयार होतो. शॉर्ट झालेला तो एक टर्नच, आणि ट्रान्सफॉर्मर जळेल. बोल्ट फक्त तळाला, वर-खाली रबराची चकती घाला आणि बेताने आवळा.

फ्यूज प्रायमरीला, म्हणजे २३० च्या बाजूला, १.६ अँपिअर स्लो ब्लो (क्षणभराचा झटका सोसणारा). साधा फ्यूज चालू करतानाच्या झटक्याने उडेल. पहिल्यांदा ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करा, एलईडी चालणार नाही. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करून ब्रिज आणि कॅपॅसिटरची दिशा तपासा. मग रेल मोजा, दोन्हीकडे सारखे व्होल्ट आले की बोर्ड जोडा, तेही एकेक. स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटचा डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. आकडे इथे टाका, मी बघतो.