चौदा नंबरच्या सरांचं मोरोक्कन घर (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

बंगला ११: सेक्रेटरी काका, १४ नंबरच्या गेटातून निळी-हिरवी कमान दिसायला लागलीय. सगळ्या बंगल्यांचं एलिव्हेशन सारखं ठेवायचं ठरलं होतं ना? परवानगी दिली होती का?

सेक्रेटरी: हो ताई, अर्ज आला होता, कमिटीत वाचला. कमान त्यांच्या अंगणात, आतल्या बाजूला आहे. रस्त्याकडची भिंत आपल्या ठरलेल्या क्रीम रंगाचीच राहणार.

बंगला ९: कमानीचं काही नाही ओ, पण फरशी फोडायचा आवाज ऐन दुपारी येतो. बाळ दचकून उठतं.

बंगला १४: वहिनी, उद्यापासून १ ते ४ हातोडी बंद. अजून एका भिंतीचंच काम राहिलंय.

बंगला ५: सर, आणि ते कारंजं? इथं नळाला पाणी चार-चार दिवस येत नाही. आपण टँकरची वर्गणी काढतो आणि तुम्ही पाणी उडवणार?

बंगला १४: तुमची काळजी रास्त आहे. कूलरच्या टाकीएवढं पाणी आहे, छोट्या पंपावर तेच फिरतं. उन्हाने आटेल तेवढंच भरायचं. टंचाई असेल त्या आठवड्यात पंप बंदच ठेवतो.

बंगला ३: सर, राग मानू नका, वडीलकीच्या नात्याने विचारतो. सोलापुरात राहून मोरोक्कोचं घर कशाला? आपलं काय कमी आहे?

बंगला २२: आजोबा, मी काल आत जाऊन सगळं बघून आले, म्हणून जरा मोठं लिहिते.

सरांनी चित्रकला शिकवण्यात जन्म घालवला, ते त्या भिंतीत दिसतं. त्या फरशीकामाला झेलीज म्हणतात, फेझ शहर त्यासाठी नावाजलेलं. मातीची फरशी भाजून, झिलई देऊन घेतात आणि धारदार हातोडीने एकेक तुकडा हाताने तासतात. मग सगळे तुकडे पालथे मांडायचे, रंग खाली, मातीची बाजू वर, आणि मागून मसाला ओतायचा. उचलेपर्यंत नक्षी दिसतच नाही! सरांनी साध्या बाजारातल्या फरशा घेऊन तसंच केलंय. कंपासने आधी कागदावर आठ टोकांची चांदणी काढली, तिच्याच रेषा पुढे वाढवत सगळी भिंत भरली. एका चांदणीच्या टोकाला नखाएवढा पांढरा तुकडा आहे, त्याच्या चारही कडा हाताने घासलेल्या. मी बोट फिरवून बघितलं, कुठे लागत नाही.

आणि 'आपलं' म्हणाल तर, तिथल्या जुन्या घराला रियाद म्हणतात. रस्त्याकडून साधी भिंत, बाहेर खिडक्या जवळजवळ नाहीत, सगळ्या खोल्यांची तोंडं मधल्या चौकाकडे, चौकात झाडं आणि पाणी. मराकेशला उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४. आपल्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, वाड्यांनी काय केलं होतं? जाड भिंती, मधे चौक. ऊन तेच, म्हणून उपायही जवळचा. वाडे आपणच पाडले आणि काचेच्या खिडक्या लावून एसीची बिलं भरतोय. सरांच्या चौकात दुपारी दोनला पंख्याशिवाय बसवत होतं.

आपल्या महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या नक्षीत तरी सगळं इथलंच आहे का? तरी अख्खं सोलापूर अभिमानाने दाखवतं की!

बैठकीवर त्यांनी आपल्याच सोलापुरी चादरी घातल्यात, नक्षीला नक्षी छान लागलीय. मला फक्त हॉलचं छत जड वाटलं. कोरीव पट्ट्या, सोनेरी रंग आणि त्यात चार पितळी कंदील. दोन पुरे होते. सरांना तोंडावर सांगितलंय.

बंगला १४: दोन उतरवतोय. आत्ता शिडीवरच आहे.

बंगला ११: सर, तो गडद निळा कुठून सुचला? मुलगी विचारतेय.

बंगला १४: मराकेशला माजोरेल नावाच्या फ्रेंच चित्रकाराची बाग आहे, तिथल्या भिंतींचा तो निळा. पुढे १९८० मध्ये फॅशन डिझायनर इव्ह सॅं लोरॉं आणि त्यांचे साथीदार पिएर बर्जे यांनी ती बाग विकत घेऊन वाचवली. मुलीला पाठवा, उरलेला रंग आणि फरशीचे तुकडे देतो.

बंगला ३: न्हाणीघराला काय केलंय म्हणे? फरशी नाही, तरी पाणी मुरत नाही?

बंगला १४: तादलाक्त. चुन्याचा गिलावा नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचा, मग ऑलिव्ह तेलाचा काळा साबण चोळायचा. साबण चुन्याशी मिळतो आणि वरचा थर पाणी धरत नाही. मेहनत फार.

बंगला ३: आमच्या वाड्यात चुना घाण्यात मळायचे, गवंडी असाच घोटत बसायचे. माझ्या बाथरूमच्या भिंतीला ओल येते, तिथं जमेल?

बंगला १४: आजोबा, ओल बाहेरून येते का पाइपातून, ते आधी बघू. बाहेरची असली तर आतून कितीही घोटलं तरी गिलावा सुटणार. संध्याकाळी सहाला येतो.

सेक्रेटरी: ठीक. कमानीला हरकत नाही असं नोंदवतो. हातोडी १ ते ४ बंद. पाण्याचं सरांनी लिहिलंय तसं.