शब्दचर्चा : संरेखन, समतलन, ढिलाई

प्रश्न : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्णपटमापकाच्या (स्पेक्ट्रोमीटरच्या) देखभालीची पुस्तिका लिहीत आहे. ‘रिअलाइनमेंट’साठी सगळीकडे ‘पुनर्संरेखन’ चालेल का? आणि ‘बॅकलॅश’ला काय म्हणावे?

उत्तर : सगळीकडे नको. संरेखन म्हणजे एका रेषेत आणणे. समांतरक (फटीतून येणारा प्रकाश समांतर करणारी नळी, कॉलिमेटर) आणि दुर्बीण यांचे अक्ष जुळवताना तो शब्द चपखल बसतो. लोलक (प्रिझम) ज्या तबकडीवर ठेवतात तिच्याखालचे तीन स्क्रू फिरवताना मात्र आपण लोलकाची पृष्ठे उपकरणाच्या उभ्या अक्षाला समांतर करतो. तिथे ‘तबकडीचे समतलन’ लिहा आणि बिघाड कसा दिसतो तेही सांगा : एका पृष्ठावरून परावर्तित झालेली फटीची प्रतिमा मधोमध दिसते, दुसऱ्यावरून पाहिली की वर किंवा खाली सरकते. एक पृष्ठ दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेशी काटकोनात ठेवून आधी ते दोन स्क्रू लावायचे. दुसऱ्या पृष्ठासाठी फक्त तिसऱ्याला हात लावायचा. यालाही पुनर्संरेखन म्हटलेत, तर मुले समांतरकाचे स्क्रू पिळत बसतील आणि नीट असलेलेही बिघडेल.

अंशशोधन (कॅलिब्रेशन) हे आणखी वेगळे काम, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरसारख्या ज्ञात रेषांशी वाचन पडताळण्याचे.

बॅकलॅशसाठी मला ‘आट्यांतली ढिलाई’ आवडते. प्रयोगशाळेत ‘प्ले आलाय’ म्हणतात, पण त्याचे ‘खेळ’ करू नका, वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. स्क्रू उलटा फिरवला की आटे दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत तो नुसताच फिरतो, भाग जागचा हलत नाही. ढिलाई म्हटले की हे लगेच कळते. वर्णपटमापकात वाचन अंशांच्या खुणा असलेल्या वर्तुळावरून घेतात, त्यामुळे ढिलाईने प्रतिमा दुर्बिणीतल्या तारेवर आणायला त्रास होतो, आकडा चुकत नाही. मायकेलसनच्या व्यतिकरणमापकात (इंटरफेरोमीटरमध्ये) वाचन स्क्रूवरूनच असते. तिथे ‘स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवा’ हे ठळक छापा.

प्रश्न : मग ‘दोष’ आणि ‘त्रुटी’ एकच का?

उत्तर : नाही, आणि हा फरक पुस्तिकेत जपाच. दोष उपकरणात असतो, त्रुटी वाचनात येते. वर्तुळाचे केंद्र फिरण्याच्या अक्षावर नसणे, म्हणजे उत्केंद्रता, हा दोष. समोरासमोर, १८० अंशांवर बसवलेल्या दोन्ही वर्निअरवरून (अंशाचा बारीक भाग वाचण्याच्या पट्ट्यांवरून) कोन काढून सरासरी घेतली की त्यातून येणारी त्रुटी जाते. दोष तसाच राहतो, आणि तो काढायला विद्यार्थ्याने वर्तुळ खोलायचे नसते.