ऑस्टिओपॉन्टिन आणि कर्करोग : एक पुरवणी

ऑस्टिओपॉन्टिन हे मुळात हाडांतले प्रथिन असल्याने रक्तातील त्याची वाढ म्हणजे कर्करोग हाडांत पसरल्याची खूण, असा जो मुद्दा मांडला जातो, त्याला थोडी पुरवणी जोडावीशी वाटते. १९७९ मध्ये, म्हणजे हाडांतून ते वेगळे केले जाण्याच्या काही वर्षे आधीच, कर्करोगसदृश बदल झालेल्या पेशी बाहेर टाकत असलेले फॉस्फोप्रथिन (फॉस्फेट जोडलेले प्रथिन) म्हणून त्याची नोंद झाली होती. कर्करोगाच्या गाठीतील पेशी आणि तिथे जमलेल्या मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक भक्षक) पेशी हे प्रथिन स्वतः तयार करतात; म्हणजे रक्तातील वाढ हाडांतूनच आली असेल असे नाही. ते पेशीपृष्ठावरील इंटिग्रिन आणि सीडी४४ या ग्राहींना (बाहेरचे संदेश पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनांना) चिकटते, आणि त्यातून पेशींचे तग धरणे, स्थलांतर, आजूबाजूच्या ऊतींत शिरकाव व नव्या रक्तवाहिन्यांची वाढ या साऱ्याला चालना मिळते. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये या संदेशवहनावर मोलाचे काम झाले आहे, हे इथे आवर्जून नोंदवतो. मात्र दाह आणि मूत्रपिंडाच्या विकारांतही हे प्रथिन वाढते. त्यामुळे केवळ त्याच्या पातळीवरून निदान करणे मला रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे वाटते.