मदत हवी आहे: कब मुलांची समुद्रकिनारा सहल, शंख घरी न आणता

नमस्कार मंडळी,

मी कबमास्टर आहे, म्हणजे स्काउटमधल्या लहान मुलांच्या (कब) गटाची प्रमुख. आमच्या गटात, म्हणजे पॅकमध्ये, आठ ते दहा वर्षांची 24 मुलं, सहाजणांच्या चार तुकड्या. पुढच्या महिन्यात त्यांना ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर समुद्री जीव दाखवायला न्यायचं आहे. सोबत पाच मोठी माणसं. मागच्या वर्षीही गेलो होतो. तेव्हा जे झालं ते अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

"एकेक रिकामा शंख आठवण म्हणून घ्या," असं तेव्हा मीच मुलांना सांगितलं होतं. एका मुलीने बोटाच्या पेराएवढा, तपकिरी पट्ट्यांचा शंख आणून दाखवला. मी हलवून पाहिला, आत डोकावले, रिकामाच वाटला. तिसऱ्या दिवशी तिच्या दप्तराला वास मारायला लागला. कंपासपेटीत तो शंख होता आणि त्याच्या तोंडातून दोन वाळलेले, काडीसारखे पाय बाहेर आले होते. आत हर्मिट क्रॅब होता. पुढच्या मीटिंगला तिने विचारलं, "ताई, मी मारलं का त्याला?" चूक माझी होती, आणि मी तिला तसंच सांगितलं.

नंतर मी याबद्दल वाचलं. या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईच्या शंखात शिरतो आणि वाढला की त्याहून मोठा शंख शोधतो. म्हणजे खरोखर रिकामा असलेला शंखही कुणाचं तरी पुढचं घर असतो. त्यामुळे यंदा किनाऱ्यावरून काहीही उचलून आणायचं नाही, हे पक्कं.

पण दोन तास "हात लावू नको, उचलू नको" एवढंच ऐकवलं तर मुलं तिथून काय घेऊन येतील? त्यांच्या हातांना काय काम द्यावं, हा माझा मुख्य प्रश्न.

दुसरा प्रश्न तारखेचा. पौर्णिमेनंतरच्या शनिवारी ओहोटी सकाळी 10:50 ला आहे आणि पाणी 0.3 मीटरपर्यंत उतरतंय. त्याच्या पुढच्या शनिवारी भांग आहे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. तेव्हा ओहोटी दुपारी साडेचारनंतर, आणि पाणी 1.4 मीटरवरच थांबणार. आमचे एक सहकारी म्हणतात, उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत मुलांना नेऊच नये. तुम्ही कुठला दिवस घ्याल?

प्रतिसाद

ताई, पहिला शनिवार घ्या. भांगाला एवढं कमी पाणी उतरतं की खडकांतले बघण्यासारखे पाण्याचे खळगे बुडालेलेच राहतात. सहकाऱ्यांची भीती मात्र खरी आहे, उधाणाचं पाणी झपाट्याने परत येतं. साधारण हिशेब असा: भरतीच्या पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढं पाणी चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं आणि माणूस तिथेच फसतो. सव्वानऊला खडकांवर पोचा आणि 10:50 ला शिट्टी वाजवून सगळ्यांना वर घ्या. एका मोठ्या माणसाला दुसरं काही काम देऊ नका, त्याने फक्त समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. चपला नकोत, बंद बूट हवेत. शेवाळावर पाय सटकतोच.

प्रतिसाद

हातांना काम द्यायचं तर पेन्सिल द्या. दोघांत एक खळगा, दहा मिनिटं बसून बघायचं आणि चित्र काढायचं. पहिली दोन मिनिटं "इथे काहीच नाही" म्हणतील. मग दगड वाटत होता तो चालायला लागतो! पाण्याखालच्या खडकावर बार्नॅकल असतील तर तिथे मुलांना नक्की बसवा. हा जीव डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचा चिकटतो आणि पिसासारखे पाय बाहेर फेकून अन्न पकडतो. आमच्याकडच्या एका मुलाने घरी जाऊन ते जमिनीवर उलटं होऊन करून दाखवलं होतं.

दगड उलटवलात तर होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात. काही हाताळायचंच असेल तर आधी हात समुद्राच्या पाण्यात ओले करा, आणि हाताला सनस्क्रीन नको. शंकूच्या आकाराचा शंख मात्र कुणीही उचलू नये. उष्ण समुद्रातल्या कोन स्नेलचा विषारी दात माणसाच्या जिवावर बेतू शकतो. वाळूवर पडलेली जेलीफिश मेलेली दिसली तरी डंख करू शकते, हेही बसमध्येच सांगून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पहिला शनिवार नक्की केला. समुद्राकडे बघत उभं राहायला आमचे तेच सहकारी आनंदाने तयार झाले.

ती शंखवाली मुलगी यंदा सिक्सर, म्हणजे तुकडीची प्रमुख आहे. शंखात कुणी आहे का हे कसं बघायचं, ते तिच्या तुकडीला तीच शिकवणार आहे: शंख खळग्याच्या तळाशी ठेवायचा, आपली सावली बाजूला घ्यायची आणि गप्प बसायचं.

आता एकच राहिलं. पाण्यावरच्या चकाकीमुळे आतलं नीट दिसत नाही. पारदर्शक तळाचा डबा पाण्यावर टेकवून बघता येतं असं ऐकलंय. कुणी मुलांसोबत वापरला आहे का? केवढा घ्यावा?